पेडल स्टील गिटारवर क्लासिकल: दहा तारांच्या ई नाइनचा आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

सुरुवात तिसऱ्या फ्रेटपासूनच करते, कारण पेडल स्टील गिटारबद्दल माझं मत तिथेच बनलं (वाद्य कसं असतं ते पुढे सांगते). सॅं-सान्सने १८८६ मध्ये लिहिलेल्या 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मधला हंसाचा तुकडा, चेलोवर वाजतो तो, बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल. त्याची पहिली ओळ जी, एफ शार्प, बी, ई, डी, जी अशी उतरते आणि मग ए, बी, सी करत परत चढायला लागते. ई नाइन ट्यूनिंगच्या, म्हणजे तारा लावायच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या, पेडल स्टीलवर बार (डाव्या हातातला स्टीलचा दांडा) तिसऱ्या फ्रेटवर ठेवायचा आणि तिथून हलवायचाच नाही. चौथी तार छेडली की जी, दुसरी तार एफ शार्प, सहावी बी, पाचव्या तारेवर पहिलं पेडल दाबून ई, पेडल सोडलं की डी, आठवी जी, सातवी ए, परत सहावी बी आणि त्याच सहाव्या तारेवर दुसरं पेडल दाबलं की सी. अख्खी ओळ एका जागेवर! हे मला कुणी शिकवलं नव्हतं, वाद्य घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात वही पेन घेऊन तारांचे सूर मांडत बसले होते तेव्हा सापडलं आणि त्या दिवशी मी रात्री दोनपर्यंत तेवढी एकच ओळ वाजवत होते.

आधी थोडं स्पष्ट करते. क्लासिकल म्हणजे इथे पाश्चात्त्य क्लासिकल, बाख, साती वगैरे. मी बारा वर्षं नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार वाजवलीये, त्यामुळे माझी तुलना सारखी तिच्याशीच होणार. आणि मी घेतलंय ते एकाच मानेचं, १० तारांचं, ३ पेडल आणि गुडघ्याच्या ४ लिव्हर असलेलं ई नाइन मॉडेल. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण एका पीसवरून सगळ्या कंपनीबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही, आणि मी जे लिहितेय त्यातलं बरंचसं या प्रकारच्या कुठल्याही ई नाइनला लागू पडेल.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार पायांवर टेबलासारखं उभं असतं, तारा आडव्या, आपण मागे खुर्चीवर. फ्रेट म्हणजे नुसत्या आखलेल्या रेषा, त्यावर बोट दाबायचं नसतं. डाव्या हातात स्टीलचा गोल जड बार, तो तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. उजव्या हातात अंगठ्याला प्लॅस्टिकचा पिक आणि दोन बोटांना धातूचे पिक. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर, आणि दोन्ही गुडघे लिव्हर ढकलायला. प्रत्येक पेडल आणि लिव्हर खालच्या सळ्यांमधून ठराविक तारा ओढते किंवा सैल सोडते, म्हणजे तार वाजत असतानाच तिचा सूर अर्धा किंवा एक स्वर वर-खाली जातो. पहिल्या पेडलने बी चा सी शार्प होतो, दुसऱ्याने जी शार्पचा ए, तिसऱ्याने चौथी तार ई वरून एफ शार्पला जाते आणि पाचवी बी वरून सी शार्पला. वाजवणारे यांना ए, बी, सी पेडल म्हणतात पण सुरांची नावंही तीच, म्हणून मी पहिलं, दुसरं, तिसरं असंच लिहिते.

हे यंत्र अमेरिकेतल्या कंट्री संगीतासाठी वाढलं हे सगळ्यांना माहीत असतं. बिनपेडलची स्टील गिटार हवाईहून आली, मग १९४० च्या आसपास पेडल जोडलेली मॉडेल्स निघाली, पण सुरुवातीला पेडलचा उपयोग मुख्यतः ट्यूनिंग बदलण्यापुरता व्हायचा. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पियर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असताना पेडल दाबलं, एक सूर जागेवर आणि दुसरा त्याच्या शेजारून वर चढतोय असा तो आवाज लोकांना इतका आवडला की नंतरची सगळी यंत्रं त्या एका आवाजाभोवती बांधली गेली. हा इतिहास मी इथे मुद्दाम आणला, कारण क्लासिकल वाजवताना हाच गुण तुमच्या सगळ्यात जास्त कामाला येतो आणि हाच सगळ्यात जास्त आडवाही येतो.

कामाला कसा येतो ते सांगते. बाखचे कोरल, म्हणजे चार आवाजांत बांधलेली चर्चची स्तोत्रं, घ्या. त्यात सारखं काय घडतं, तर तीन आवाज थांबलेले असतात आणि चौथा एक पायरी खाली उतरून कॉर्ड पूर्ण करतो. ज्याला सस्पेन्शन म्हणतात ते, चौथा स्वर अडकून राहतो आणि मग गंधारावर येऊन सुटतो. पेडल स्टीलवर हे म्हणजे दुसरं पेडल दाबलेलं ठेवून कॉर्ड छेडायची आणि मग पेडल सोडायचं, बस. ए चा जी शार्प होतो आणि बाकीचे सूर आपापल्या जागी वाजत राहतात. पहिलं आणि दुसरं दोन्ही पेडल एकदम दाबून सोडली तर प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन'ला येतो तोच शेवट हातात येतो. क्लासिकल गिटारवर यासाठी मी बोटं ताणून ताणून मनगट दुखवून घेतलंय, आणि तरी वरचा सूर तोपर्यंत मेलेला असायचा. इथे सुराची आस इतकी लांब आहे की मधले आवाज एकमेकांची वाट बघतात. नायलॉनच्या तारेला मी हे कधी मागूच शकले नसते.

आडवा कसा येतो? तर बाखने तो उतार पायरीसारखा लिहिलाय, घसरगुंडीसारखा नाही. पेडल हळू सोडलं की मींड येते, आणि मींड आली की कानाला लगेच कंट्री ऐकू येतं, त्यात सुंदर काही नाही असं नव्हे, पण ते बाख राहत नाही. पहिले दोन महिने माझं सगळं रेकॉर्डिंग असंच ओघळलेलं यायचं. उपाय दोन. एक तर पेडल झटक्यात सोडायचं, पायाला तशी सवय लावायची, मेट्रोनोम लावून नुसता घोट्याचा सराव करायचा. किंवा जिथे सूर तुटकच हवाय तिथे तार तळहाताच्या कडेने बंद करायची, पेडल बदलायचं आणि परत छेडायची. दुसरा उपाय कष्टाचा आहे पण स्वच्छ आहे. आणि काही ठिकाणी, हंसासारख्या तुकड्यात, मी ती मींड मुद्दाम ठेवते, कारण चेलोवालेही तिथे बोट सरकवतात. कुठे ठेवायची आणि कुठे पुसायची हा निर्णय प्रत्येक सुराला घ्यावा लागतो आणि माझ्या मते या वाद्यावर क्लासिकल वाजवणं म्हणजे मुख्यतः हा निर्णयच आहे.

आता बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रील्यूड, जी मेजरमधला. तो मूळ सप्तकात बसत नाही, कारण ई नाइनची सगळ्यात खालची तार बी आहे आणि प्रील्यूडचा पहिलाच सूर त्याच्याही खालचा जी. म्हणून एक सप्तक वर घ्यावा लागतो. पण वर घेतला की काय मजा होते बघा, पुन्हा तिसरा फ्रेट! आठवी तार जी, पाचवी डी, तिसरी बी, पहिली ए. पहिलं अख्खं मेझर (तालाचं एक आवर्तन) बार न हलवता आणि एकही पेडल न दाबता. दुसऱ्या मेझरला पहिलं आणि दुसरं पेडल दाबलं की डी चा ई होतो आणि बी चा सी, म्हणजे नेमके हवे तेच. अडचण एकच, सी च्या मध्ये एक बी येतो आणि तो त्याच तिसऱ्या तारेवर आहे, म्हणजे पहिलं पेडल दाबलेलं ठेवून दुसरं तेवढ्या एका सुरापुरतं सोडायचं आणि परत दाबायचं, एका मेझरमध्ये दोनदा. एकाच पायाने. घोटा वळवून जमतं, पण वेगात सी-बी-सी हा प्रत्येक वेळी हेलकावा खाल्ल्यासारखा वाजतो. मी यावर सहा आठवडे घालवले.

मग सुचलं की उजव्या गुडघ्याची डावीकडे जाणारी लिव्हर पहिली तार एफ शार्पवरून जी शार्पला नेते, म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर तिथे बी मिळतो! दुसरं पेडल दाबलेलंच राहू द्यायचं, सी तिसऱ्या तारेवर, बी पहिल्या तारेवर. दुसरं मेझर एकदम सुटलं. पण तिसऱ्या मेझरला एफ शार्प लागतो जो दुसऱ्या तारेवर आहे आणि माझ्या गिटारमध्ये तीच लिव्हर दुसरी तारही वर नेत होती. म्हणून गिटार उलटी केली आणि त्या लिव्हरवरून दुसऱ्या तारेची सळई काढून टाकली. वीस मिनिटांचं काम. आता पहिली चारही मेझर तिसऱ्या फ्रेटवरच वाजतात, हात जागेवर, आणि सूर घंटांसारखे एकमेकांवर थोडे सांडतात, जे मला आवडतं, ज्यांना आवडत नाही त्यांनी बंद करायला शिकावं.

ही सळई काढण्याची गोष्ट या वाद्याचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे म्हणून जरा थांबते. ऑल-पुल पद्धतीच्या गिटारमध्ये कुठलं पेडल कुठली तार किती ओढणार हे कायमचं ठरलेलं नसतं. खाली सळ्या, क्रँक आणि टोकाला नायलॉनचे छोटे नट असतात, षटकोनी पान्याने सगळं हलवता येतं. क्लासिकल वाजवणाऱ्याला हे सोनं आहे, कारण मिळतं ते सेटअप कंट्रीच्या ठरलेल्या वळणांसाठी असतं आणि आपल्या तुकड्यांना वेगळीच वळणं लागतात. माझ्या पीसमध्ये चेंजरला, म्हणजे टोकाला तारा ओढणाऱ्या यंत्रणेला, प्रत्येक तारेमागे तीन वर ओढायच्या आणि दोन खाली सोडायच्या जागा आहेत, त्या मला आत्तापर्यंत पुरल्यात. घेताना हे आकडे जरूर विचारा, स्वस्तातल्या शिकाऊ मॉडेलमध्ये जागा कमी असतात आणि मग वर्षभरात अडकायला होतं.

आता सुरेलपणा. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण घेण्याआधी याबद्दल मला कुणीच धड सांगितलं नाही. ट्यूनर लावून प्रत्येक तार शून्यावर आणली की पेडल स्टील बेसूर वाटतं. खरंच. कारण तारेची आस लांब, आवाज स्वच्छ, त्यामुळे कॉर्डमधला गंधार पियानोइतका चढा असला की तो थरथरताना ऐकू येतो. समान भागांच्या सप्तकात गंधार ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आणि नैसर्गिक गंधार ३८६ वर, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो. हार्मोनियमचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार यातला फरक ज्यांच्या कानाला बसलाय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय. म्हणून बरेच स्टील वाजवणारे जी शार्पच्या तारा साधारण १४ सेंट उतरवून लावतात. तशा लावल्या आणि ई मेजर छेडली की वाद्य एकदम शांत होतं, सगळ्या तारा एकाच लाकडातून आल्यासारख्या वाटतात.

आणि इथे या वाद्याची खुबी अशी की बार सरकवला की तो शुद्ध गंधारही सोबत सरकतो. हार्मोनियमवर एक पट्टी शुद्ध केली तर बाकीच्या पट्ट्या बिघडतात. इथे तिसऱ्या फ्रेटवर, दहाव्या फ्रेटवर, कुठेही गेलं तरी मेजर कॉर्ड तितकीच शुद्ध. चार आवाजांचा कोरल सुरांच्या या शुद्धतेत ऐकला की परत कीबोर्डवर ऐकवत नाही, निदान मला तरी.

पण फुकट काही मिळत नाही. खरी गोची सातव्या तारेवर होते, एफ शार्पवर. बी च्या कॉर्डमध्ये पंचम म्हणून वाजवायची तर ती ई पासून २०४ सेंटवर हवी. पण पहिली दोन पेडल दाबून एफ शार्प मायनर वाजवायची तर, पेडलचे सूर शुद्ध लावलेले असताना, तीच तार १८२ वर हवी. ई ला षड्ज धरा, हे म्हणजे चतुःश्रुती रिषभ आणि त्रिश्रुती रिषभ, तोच २२ सेंटचा फरक, आणि तार एकच! जुन्या काळी युरोपात कीबोर्ड लावणाऱ्यांनी ज्या फरकावर शतकं घालवली तो फरक माझ्या गुडघ्यापाशी येऊन बसलाय. कंट्रीच्या गाण्यात एवढा त्रास होत नाही, कॉर्ड थोड्या आणि ठरलेल्या. बाख मात्र दोन ओळींत दोन्ही कॉर्डवरून जातो. काही गिटारना यासाठी कॉम्पेन्सेटर असतो, म्हणजे पहिलं पेडल दाबलं की एक जादा सळई एफ शार्प किंचित उतरवते. माझ्यात नव्हता, चेंजरमध्ये जागा होती म्हणून बसवून घेतला. क्लासिकलसाठी घेत असाल तर हा घेतानाच बसवून मागा.

पियानोच्या साथीने वाजवायचं असेल तर मात्र १४ सेंट उतरलेला गंधार पियानोसमोर उतरलेलाच ऐकू येतो. मी साथ असेल तेव्हा ७-८ सेंटवर तडजोड करते, एकटी वाजवताना १४. दर वेळी पेडलचे नटही परत लावावे लागतात त्यामुळे जाता-येता बदलण्यासारखं हे नाही, आठवडा आठवडा एकाच लावणीवर राहते.

कॅबिनेट ड्रॉप हाही प्रकार आहे. दोन पेडल एकदम दाबली की वाढलेल्या ताणाने लाकूड आणि सगळा सांगाडा किंचित वाकतो आणि न ओढलेल्या ताराही थोड्या उतरतात. माझ्या पीसमध्ये आठवी तार ४ ते ५ सेंट उतरते. हे खपवून घेण्यासारखं आहे, पण दुकानात ट्यूनर लावून तपासता येतं, पेडल न दाबता ई छेडायची, मग पेडल दाबायची आणि काटा बघायचा. दोन मिनिटं लागतात.

आवाजाबद्दल, म्हणजे नको असलेल्या आवाजाबद्दल. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. पेडल परत वर येताना खट्ट आवाज येतो. बँडमध्ये ड्रम वाजत असताना तो कुणाला ऐकू जाणार नाही, पण सातीचं पहिलं जिमनोपेदी वाजवताना, जिथे दोन सुरांमध्ये एवढी शांतता आहे, तिथे तो खट्ट दारावर टकटक केल्यासारखा येतो. पेडलच्या थांब्यांवर फेल्टचे तुकडे चिकटवले, सांध्यांना तेल दिलं, निम्म्याने कमी झाला, गेला नाही. दुसरं म्हणजे सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण. हळू भाग वाजवताना ॲम्प वाढवावा लागतो आणि ती गुणगुणही वाढते. खोलीत वाद्य थोडं फिरवून ठेवलं की कमी होते, पण नीट उपाय म्हणजे हमबकर, गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप. शांत संगीत वाजवणार असाल तर पहिल्यापासून हमबकरच घ्या असं मी म्हणेन, सुराचा थोडा चमकदारपणा गेला तरी चालेल.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी सेटअप करून देतो म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात ई खाली सोडणारी लिव्हर सोडल्यावर तार परत जागेवर येत नव्हती, ३-४ सेंट चढीच राहायची. स्प्रिंगचा ताण लावून मलाच नीट करावं लागलं. हे सोपं होतं पण नवीन माणसाला हे कसं कळणार? तो स्वतःचाच कान खराब समजून बसेल. म्हणून घेताना प्रत्येक लिव्हर दाबून, सोडून, परत तार छेडून बघा.

व्हॉल्यूम पेडल वेगळं घ्यावं लागतं आणि ते ॲक्सेसरी नाही, अर्धं वाद्य तेच आहे. पेडल जरा मागे ठेवून तार छेडायची आणि मग हळू पुढे न्यायचं, पिकचा टणत्कार झाकला जातो आणि सूर गजाने काढल्यासारखा उगवतो. हंसाचा तुकडा याच्याशिवाय शक्य नाही. पण प्रत्येक सुराला असं केलं की सगळं एकसारखं फुगून येतं आणि वाक्यं कळेनाशी होतात. मी आता वाक्याच्या पहिल्या सुराला आणि सगळ्यात लांब सुराला एवढंच करते, बाकी सूर पिकच्या टोकानेच बोलू देते. पॉटचं (आत फिरणाऱ्या रेझिस्टरचं) व्हॉल्यूम पेडल असेल तर आत धूळ जाऊन आणि झिजून ते कधीतरी खरखरायला लागतं, माझं पाचव्या महिन्यात लागलं. बिनपॉटची, प्रकाशावर चालणारी पेडलही मिळतात, शांत तुकड्यांसाठी ती बरी.

पिक न लावता उघड्या बोटांनीही वाजवून पाहिलं, नायलॉनची सवय म्हणून. आवाज गोड येतो, खूप गोड, पण वरच्या तारा बारीक पडतात आणि जलद भागात तारांवर पकड राहत नाही. सातीसाठी उघडी बोटं, बाखसाठी पिक, असं मी ठरवून टाकलंय.

ई नाइन की सी सिक्स, म्हणजे पेडल स्टीलचं दुसरं नेहमीचं ट्यूनिंग? क्लासिकलच्या दृष्टीने हा प्रश्न मी आधी नीट विचारला नाही आणि याची मला हळहळ आहे. ई नाइनमध्ये वरचे सूर जवळजवळ लागलेले, त्यामुळे चाल आणि मधले आवाज सुंदर येतात, पण खर्ज नाही. सी सिक्सची दहावी तार सी ला लागते, चेलोच्या सगळ्यात खालच्या तारेइतकी खाली. चेलोचं संगीत मूळ सप्तकात वाजवायचं असेल, किंवा एकट्याने खालचा आवाज आणि चाल दोन्ही धरायचं असेल तर सी सिक्स किंवा १२ तारांचं युनिव्हर्सल (दोन्ही ट्यूनिंगचं काम एकत्र करणारं) घ्या. कोरलचे वरचे तीन आवाज आणि एकट्या सुराची गाणारी चाल यासाठी ई नाइन. मी जिमनोपेदीचा खालचा आवाज लूपरवर (वाजवलेलं परत परत ऐकवणाऱ्या यंत्रावर) आधी टाकून घेते आणि वर चाल वाजवते, त्या दोन आलटून पालटून येणाऱ्या मेजर सेव्हन्थ कॉर्ड तिसऱ्या आणि दहाव्या फ्रेटवर आयत्या मिळतात, दुसऱ्या तारेमुळे.

शिकायला साहित्य? क्लासिकलसाठी तयार टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे दाखवणारं लेखन) जवळपास नाहीच असं समजा. स्टाफ नोटेशन वाचता येत असेल तर उत्तम, पण एकच सूर पाच-सहा जागी सापडतो आणि त्यातली कुठली जागा घ्यायची हे पेडलवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा स्वतः मांडावा लागतो. मला हे काम प्रचंड आवडतं. ज्यांना तयार पान समोर ठेवून वाजवायचंय त्यांना मात्र जिवावर येईल. ऐकायला आहे पण थोडं आहे: माइक पर्लोविन यांनी स्ट्राविन्स्कीचं फायरबर्ड पेडल स्टीलचे थरावर थर रचून रेकॉर्ड केलं होतं, ते ऐकून कळतं की या वाद्यातून ऑर्केस्ट्राचे किती रंग निघू शकतात. आणि २०२५ मध्ये गेलेल्या सुझन अल्कॉर्न यांनी पियाझ्झोलाच्या रचना वाजवल्यात, त्यात एकेक सूर ज्या धीराने सोडलाय तो ऐकूनच मी हे वाद्य घ्यायचं नक्की केलं.

बाकीचं पटकन: जोडायला दहा मिनिटं, पाय स्क्रूने बसतात, पेडलच्या दांड्या नुसत्या अडकवायच्या. पेटीसकट एकट्याने जिना चढवणं मला झेपत नाही. खुर्चीची उंची फार महत्त्वाची, गुडघे लिव्हरच्या मधे अलगद बसले पाहिजेत, मी उंच आहे आणि माझे खालून टेकत होते म्हणून पाय लांब करून घ्यावे लागले, हेही ऑर्डर देतानाच सांगा. बारचं वजन हाताला बघूनच घ्या, हलका बार सुराची आस खातो, फार जड असला की कंपन द्यायला मनगट आखडतं.

मार्क द्यायचेच तर मधले आवाज आणि आस यासाठी पाचपैकी पाच, सळ्या बदलायची सोय पाच, शांत तुकड्यांत यंत्राचा खटखटाट दोन, कंपनीचं कारखान्यातून आलेलं सेटिंग दोन, खर्ज तीन. मी परत घेईन का? हो, पण कॉम्पेन्सेटर आणि हमबकर लावूनच आणि बहुतेक १२ तारांचं.

आणि तिसऱ्या तारेची सुटी पाकिटं जास्तीची मागवा. ०.०११ इंचाची ती बारीक तार जी शार्पला ताणलेली असते, दुसरं पेडल तिला आणखी वर ओढतं, आणि प्रील्यूडच्या सरावात माझ्या आत्तापर्यंत नऊ तुटल्यात.